‘उचललेला नाच’ ते पैकीच्या पैकी गुण: वसई-नालासोपाऱ्याच्या एका नृत्यसंघाचं प्रकरण

भर कार्यक्रमात, परीक्षकांसमोर, ‘हा नाच तुमचा नाही, तुम्ही तो उचललाय’ असा ठपका एखाद्या संघावर बसला, तर तो पुसायचा कसा? रेमो डिसूझा यांचा ‘एबीसीडी २’ हा सिनेमा याच प्रश्नावर उभा आहे. १९ जून २०१५ला तो प्रदर्शित झाला. सुरुवातीलाच मुंबईच्या उपनगरातल्या पोरांचा संघ टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धेत जीव तोडून नाचतो, टाळ्या घेतो आणि पुढच्याच मिनिटाला नक्कल केल्याच्या आरोपाखाली बाहेर फेकला जातो. मग गल्लीत टोमणे, टीव्हीवर बदनामी आणि संघाची फाटाफूट.

सिनेमातली माणसं रचलेली आहेत, पण त्यामागची हकिकत खरी आहे. सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो या दोघांनी वसई-नालासोपारा पट्ट्यात ‘फिक्टिशियस’ नावाचा संघ बांधला होता. वरुण धवनने रंगवलेला सुरेश, म्हणजे ‘सुरू’, सुरेश मुकुंद यांच्यावरच बेतलेला आहे. या मुलांवरही सुरुवातीच्या काळात एका टीव्ही स्पर्धेत परदेशी संघाची नक्कल केल्याचा आरोप झाला होता.

मी शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगचे नाच बसवते, स्पर्धांचं परीक्षण करते. नक्कल ओळखणं आणि ती ओळखल्यावर समोरच्या पोरांशी काय बोलायचं हे ठरवणं हा माझ्या कामाचा भाग आहे. म्हणून हे प्रकरण मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. या ठपक्याला सिनेमाने एक उत्तर दिलं, आणि खऱ्या संघाने पुढच्या वर्षांत वेगळंच उत्तर दिलं. सिनेमाचं उत्तर दोन-अडीच तासांत संपतं. खऱ्या उत्तराला बरीच वर्षं लागली, आणि माझ्या मते शिकण्यासारखं सगळं त्या वर्षांत आहे.

सिनेमाने काय केलं

अपमानानंतर सुरूला विष्णू भेटतो. ही भूमिका प्रभुदेवाने केली आहे. दारूत बुडालेला हा नृत्यगुरू लास व्हेगासच्या जागतिक हिप-हॉप स्पर्धेसाठी पोरांना तयार करायला कबूल होतो, पण तिथे जाण्यामागे त्याचा स्वतःचाही एक हेतू असतो. बेंगळुरूची निवड फेरी, मग अमेरिका, मग ऐन वेळी नायिकेची दुखापत, तिच्या जागी आलेली दुसरी मुलगी, आणि शेवटी तिरंगी भावनेने भारलेली अंतिम फेरी.

हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो साचा आधीच पक्का झालेला होता. ‘यू गॉट सर्व्ह्ड’ (२००४), ‘स्टेप अप २’ (२००८) अशा अमेरिकन सिनेमांनी क्रूच्या, म्हणजे नाचणाऱ्या संघाच्या, गोष्टीचे टप्पे ठरवून टाकले: अपमान, फूट, गुरू किंवा नवा साथीदार, आणि एका रात्रीत नशीब पालटणारी स्पर्धा. ‘एबीसीडी २’ने त्यात स्वतःची एक धीट गोष्ट घातली. नायकच चुकलेला आहे, इथून त्याने सुरुवात केली. साच्यातल्या सिनेमांत नायकाच्या संघावर सहसा अन्याय होतो, चालीही प्रतिस्पर्धी चोरतात. इथे नाच आपल्याच पोरांनी उचललाय. हिंदी सिनेमाच्या मानाने ही मोठी हिंमत आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

पण पुढे सिनेमा त्या आरोपाकडे पाठ फिरवतो. पोरांना अपमान सलतो, ती मेहनत घेतात, देशाचं नाव मनात ठेवून नाचतात, आणि त्यांची मान पुन्हा ताठ होते. नक्कल करण्याची सवय कशी सुटली, स्वतःची पहिली चाल कुणाला सुचली, ती किती वेळा फसली, यातलं काहीच दिसत नाही. नक्कल हा जणू चारित्र्यावरचा डाग होता आणि तो घामाने धुऊन निघाला. मला हे पटत नाही. नक्कल हा आधी कारागिरीचा प्रश्न आहे. घाम तर उचललेला नाच बसवतानाही तेवढाच गळतो.

प्रत्यक्षात काय घडलं

२०११मध्ये सुरेश-व्हर्नन यांच्या संघाने ‘इंडियाज गॉट टॅलेंट’चं तिसरं पर्व जिंकलं. २०१२मध्ये ‘फिक्टिशियस’ लास व्हेगासला जागतिक हिप-हॉप स्पर्धेत उतरला आणि अंतिम फेरीत आठवा आला. सिनेमा बेतला आहे तो याच प्रवासावर. पुढे सुरेश मुकुंद यांनी ‘किंग्ज युनायटेड’ बांधला. त्या संघाने ऑगस्ट २०१५मध्ये सॅन दिएगोला त्याच जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. तेव्हा सिनेमा प्रदर्शित होऊन जेमतेम दोन महिने होत होते. पडद्यावरची गोष्ट पूर्ण झाली होती, खरी अजून अर्ध्यावर होती.

मग २०१९. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीच्या ‘वर्ल्ड ऑफ डान्स’च्या तिसऱ्या पर्वात हाच संघ ‘द किंग्ज’ या नावाने उतरला. चौदा जण, वयं १७ ते २७. परीक्षक जेनिफर लोपेझ, नी-यो आणि डेरेक हफ. ५ मे २०१९ला अंतिम फेरी दाखवली गेली, त्यात संघाला १००पैकी १०० गुण मिळाले आणि दहा लाख डॉलरचं बक्षीसही.

त्या १०० गुणांची फोड मला नेहमी थांबवते. त्या कार्यक्रमात पाच कसोट्या होत्या: सादरीकरण, तंत्र, नृत्यरचना, कल्पकता आणि प्रस्तुती. प्रत्येकीला २० गुण. म्हणजे ज्या पोरांची वाटचाल नकलेच्या आरोपातून सुरू झाली, त्यांच्या संघाला परीक्षकांनी कल्पकतेचे वीसपैकी वीस दिले. आरोपाचं उत्तर म्हणायचं तर ते हे. सिनेमा मात्र चार वर्षं आधीच संपला होता.

इथे एक साधा हिशेब करून पाहा. २०१९मध्ये १७ वर्षांचा असलेला नर्तक २०१२च्या लास व्हेगासच्या वेळी दहा वर्षांचा होता. क्रूच्या सिनेमात चार-सहा जिवलग मित्र शेवटपर्यंत सोबत राहतात. खऱ्या संघात माणसं बदलत राहतात. कुणाला नोकरी लागते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाचा गुडघा जातो, कुणी स्वतःचा क्लास काढतो. टिकते ती संघाची नाचण्याची रीत, आणि ती नव्या पोराच्या अंगात उतरवणारा माणूस. सुरेश मुकुंद यांचं खरं काम मला तिथे दिसतं.

नक्कल कुठे संपते

दोन हजारच्या दशकात मुंबईच्या उपनगरातल्या पोराला हिप-हॉप शिकायचं असेल, तर समोर गुरू नव्हता, व्हिडिओ होता. फिलिपिन्सच्या ‘फिलिपाइन ऑल स्टार्स’ने २००६ आणि २००८ला जागतिक स्पर्धा जिंकली. २००८मध्येच मुखवटे घालून नाचणाऱ्या ‘जबावॉकीज’ने एमटीव्हीची क्रूची पहिली स्पर्धा मारली. ते व्हिडिओ मागे-पुढे करत, आरशासारखे उलटे लावून, एकेक काउंट (ठोका) पाठ करत आपल्याकडची एक अख्खी पिढी शिकली. दुसरा रस्ताच नव्हता, आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. कथकची विद्यार्थिनी वर्षानुवर्षं गुरूचेच तुकडे नाचते. लावणीतली अदाही मोठ्यांचं बघूनच अंगात येते.

फरक पडतो तो तोच नाच घेऊन स्पर्धेत उतरल्यावर. कथकमध्ये गुरूची रचना सादर करताना गुरूचं नाव घेतलं जातं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं की ही अमुक घराण्याची बंदिश. स्पर्धेत मात्र संघ आपलं नाव सांगतो आणि ‘नृत्यरचना’ या रकान्याचे गुण मागतो. ते गुण दुसऱ्याच्या डोक्याचे असतील, तर आरोप रास्तच आहे. हे मी दरवर्षी गॅदरिंगमध्ये सांगते: क्लासमध्ये हवं तेवढं उचला, रंगमंचावर कुणाचं आहे ते सांगा, आणि स्पर्धेत उतरायचं तर स्वतःचं न्या.

कायद्यातही नाच ही कुणाची तरी मालमत्ता असू शकते, हे फार कमी नर्तकांना माहीत असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ‘नाट्यकृती’च्या व्याख्येत नृत्यरचनाही येते. अट अशी की ती रचना लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली हवी. गंमत म्हणजे त्याच व्याख्येतून चित्रफीत वगळलेली आहे, त्यामुळे मोबाइलवर चित्रित केलेला नाच ‘पक्का’ झाला की नाही, यावर वकील वाद घालू शकतात. म्हणून माझा आग्रह असतो की आपला नाच कागदावरही उतरवा: कोणत्या आठला (आठ ठोक्यांच्या तुकड्याला) कोण कुठे उभं आहे, कुणी कुणाला कसं उचललं, कुठून प्रवेश. मुळात एकटी स्टेप कुणाच्या मालकीची नसते. वेव्ह, लॉक, टॉस अशा मूळ चाली सगळ्यांच्या आहेत. त्यांची मांडणी मात्र ज्याची त्याची. कुठल्याही नकलेचा निवाडा करताना मी स्टेप मोजत नाही. फॉर्मेशन, म्हणजे रंगमंचावर उभं राहण्याची मांडणी, कधी आणि कसं बदललं, संगीताच्या कुठल्या ठोक्यावर शांतता ठेवली, कोण कुणाच्या मागून निघालं, हे पाहते. उचललेला नाच तिथे सापडतो.

आणि स्वतःचा नाचही तिथेच सापडतो. ‘द किंग्ज’चे २०१९चे नाच पाहा. पाया हिप-हॉपचा आहे, पण संगीत भारतीय सिनेमाच्या ढोल-ताशांचं, वेग अंगावर येणारा, आणि रचनेचा कणा उंच फेकींचा. चार जण एकाला वर उडवतात, तो हवेत गिरकी घेतो, आणि त्याला झेलणारे वेगळेच चार जण असतात, जे क्षणापूर्वी रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला होते. मला त्यात गोविंदा पथकाचे थर दिसतात, फक्त थर लागतात-मोडतात ते पापणी लवायच्या आत. हे त्यांनी मुद्दाम तिथून घेतलं की नाही, हा माझा मुद्दा नाही. मुद्दा हा की असा नाच मनिलाच्या किंवा लॉस एंजेलिसच्या कुठल्याच संघाचा वाटत नाही.

सिनेमाला जे दाखवता येत नाही

इथे थोडं आत शिरून सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे काम दिसतच नाही.

स्पर्धेचा नाच साधारण दोन मिनिटांचा धरा. मिनिटाला १२० ठोके धरले तर २४० काउंट, म्हणजे तीस आठ. चौदा जण असतील तर तीस गुणिले चौदा, म्हणजे ४२० वेळा कुणाचा तरी एक आठ तपासायचा. याला आमच्यात क्लीनिंग म्हणतात. नाच बसवून होतो आठवड्याभरात, क्लीनिंगला महिने जातात. एक आठ घ्यायचा, आधी संगीताशिवाय मार्किंग (नुसत्या खुणेने चाल करणं), मग निम्म्या वेगाने, मग फुल आउट, म्हणजे पूर्ण ताकदीने. तिसऱ्या काउंटला उजवा हात खांद्याच्या रेषेत हवा, तर कुणाचा चार बोटं वर असतो. बसक्या चालीत कुणाचा गुडघा नव्वद अंशात असतो, कुणाचा उघडा पडतो. उंच पोराला खाली यायला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून त्याला अर्धा काउंट आधी निघायला सांगायचं. मोबाइलवर चित्रीकरण, सगळे गोल करून पाहणार, ज्याचं चुकलं तो स्वतःच बोट दाखवणार. पुन्हा तोच आठ. आणि हे बहुतेकदा दिवसभराचं काम किंवा कॉलेज उरकून, विरार लोकलमधून घामाघूम उतरल्यावर, मिळेल त्या हॉलमध्ये किंवा मैदानात. पहिल्या तासात सगळ्यांची तोंडं चालतात, तिसऱ्या तासाला फक्त ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ ऐकू येतं.

कल्पकता यातूनच जन्मते, हे मला ठासून सांगायचं आहे. एखादा आठ चौदा जणांना जमतच नाही, तेव्हा तो बदलावा लागतो, आणि बदललेला आठ मूळ व्हिडिओत नसतो. आपल्या अंगांना, आपल्या उंच-ठेंगण्या पोरांना, आपल्या हॉलच्या आकाराला जुळवून घेता घेता नाच स्वतःचा होत जातो.

सिनेमाला हे अवघड जातं. पहिलं कारण कॅमेऱ्याचं. संघाची एकतानता दिसते ती दूरच्या, स्थिर चौकटीत, जिथे चौदाही जण पायापासून डोक्यापर्यंत दिसतात. सिनेमा सेकंदा-दोन सेकंदाला तुकडा बदलतो: नायकाचा चेहरा, पायाचा क्लोजअप, प्रेक्षकांची टाळी. तुकड्या-तुकड्यांत सगळेच संघ एकसारखे चोख दिसतात, कारण चूक तुकड्यांच्या मधल्या फटीत पडून जाते. दुसरं कारण नटांचं. वरुण धवन आणि श्रद्धा कपूर यांनी या सिनेमासाठी मनापासून कष्ट घेतलेले दिसतात, आणि त्यांच्या आजूबाजूला धर्मेश, पुनीत पाठक, राघव जुयाल, लॉरेन गॉटलिब असे टीव्हीच्या नृत्यस्पर्धांतून आलेले अस्सल नर्तक आहेत. पण नायक मधोमध हवा आणि सतत दिसायला हवा. क्रूचं सौंदर्य नेमकं याच्या उलट असतं, तिथे मधला माणूस दर आठला बदलतो. ‘एबीसीडी २’ पाहताना मी कितीदा तरी मनात म्हटलं की कॅमेरा चार पावलं मागे न्या आणि दोन मिनिटं तसाच ठेवा.

पैसा

याबद्दल थोडक्यात. दहा लाख डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे सात कोटी रुपये. चौदा जणांत सारखे वाटले तर माणशी पन्नास लाखांच्या आसपास. अमेरिकेत परदेशी स्पर्धकाच्या बक्षिसातून साधारण ३० टक्के कर आधीच कापतात, म्हणजे हिशेब पस्तीस लाखांवर येतो. तालमींची वर्षं, विमानाची तिकिटं, व्हिसा, वेशभूषा यांचा खर्च वेगळा. या संघाने वाटणी कशी केली, तो त्यांचा घरचा प्रश्न. पण नव्याने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संघाने पहिल्या स्पर्धेआधी तीन गोष्टी लिहून सह्या कराव्यात: बक्षिसात कुणाचा किती वाटा, संघाचं नाव कुणाचं, आणि मध्येच सोडून गेलेल्याने बसवलेला नाच पुढे कोण वापरणार. मैत्री आहे म्हणून हे बोलायचं टाळतात, आणि पहिलं मोठं बक्षीस आलं की मैत्रीच मोडते.

स्वतःच्या रीतीची किंमत

स्वतःची रीत सापडली, पण ती धोक्याची आहे. उंच फेकींचा हा नाच आता एका संघापुरता राहिलेला नाही. याच वसई-भाईंदर पट्ट्यातला ‘व्ही अनबीटेबल’ २०१९मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’मध्ये चौथा आला आणि २०२०च्या सुरुवातीला त्याच कार्यक्रमाचं ‘चॅम्पियन्स’ पर्व त्यांनी जिंकलं. त्यांच्या नावातला ‘व्ही’ म्हणजे विकास, त्यांचा साथीदार. तालमीत पडून त्याला जबर दुखापत झाली आणि पुढे तो गेला. संघाने त्याचं नाव आपल्या नावात घेतलं.

सिनेमात दुखापत येते ती कथेला वळण देण्यासाठी. नायिकेचा पाय दुखावतो, दुसरी मुलगी येते, स्पर्धा पार पडते. प्रत्यक्षात दुखापतीनंतर त्या मुलाचं घर असतं, हॉस्पिटलचं बिल असतं, आणि संघाकडे त्यासाठी कसलीही तरतूद नसते. जाड मॅट महाग, फोमचा खड्डा असलेलं व्यायामगृह या बाजूला सहज मिळत नाही. म्हणून पहिल्या फेकी फरशीवर नाहीतर मातीवर होतात, आणि स्पॉटर म्हणून, म्हणजे पडणाऱ्याला सावरायला, उभं राहणारी पोरंही तेवढीच दमलेली असतात.

माझ्या परीक्षणात मी गेली काही वर्षं एक नियम पाळते: फेक करणाऱ्या संघाने आधी तालमीत ती मॅटवर, दोन स्पॉटर ठेवून दाखवायची, मगच रंगमंचावर परवानगी. संघ कुरकुरतात, आयोजक तर जास्तच, कारण टाळ्या फेकींनाच पडतात. पण एकदा मॅट आणली की पोरं स्वतःहून नव्या फेकी शोधायला लागतात, कारण पडायची भीती कमी झालेली असते. कल्पकतेसाठी तरी मॅट घ्या, असं मी आयोजकांना सांगते, आणि हा युक्तिवाद चालतो.

महाराष्ट्र सरकारने २०२२मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदांसाठी विम्याची सोय केली, मृत्यू झाल्यास दहा लाख रुपये. थर लावणाऱ्याला मिळालेलं ते संरक्षण थर हवेत उडवणाऱ्या नर्तकालाही मिळायला हवं. गोविंदाचा धोका वर्षातल्या एका दिवसाचा आणि त्याआधीच्या सरावाचा, क्रूच्या पोरांचा जवळजवळ रोजचा. वसई-विरारच्या संघांनी एकत्र येऊन, ‘द किंग्ज’ आणि ‘व्ही अनबीटेबल’ यांची नावं पुढे ठेवून, ही मागणी लेखी करावी. मसुदा करायला मी बसायला तयार आहे. आणि महापालिकेच्या एका तरी क्रीडा संकुलात, रात्री आठ ते अकरा, जाड मॅट घातलेला हॉल तालमीसाठी राखून ठेवावा, ही दुसरी मागणी त्याच अर्जात.